एकत्र न नांदणाऱ्या घटना

शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीने चुकीचं उत्तर दिलं, आणि इतक्या ठामपणे दिलं की बाईंना क्षणभर तेच बरोबर वाटलं. प्रश्न साधा होता. पहिल्या वर्षाच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवताना, संभाव्यतेचं प्रकरण सुरू झालं की बाई दर साली तोच विचारत आल्या होत्या. एक फासा टाकला. सम आकडा पडणं ही एक घटना, विषम पडणं ही दुसरी. या दोन घटना स्वतंत्र आहेत का? मुलगी बसल्या बसल्याच म्हणाली, "स्वतंत्रच की, बाई. दोघी कधी एकत्र येतच नाहीत. म्हणजे त्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही." वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. ही चूक बाईंच्या चांगल्या ओळखीची होती. ही आपल्या भाषेची खास देणगी आहे, असं त्या स्टाफरूममध्ये सांगायच्या. वेगळं बिऱ्हाड केलं की आपण म्हणतो, ते आता स्वतंत्र राहतात. वेगळी खोली म्हणजे स्वतंत्र खोली. जे वेगळं ते स्वतंत्र, हे मुलांच्या डोक्यात लहानपणीच घट्ट बसलेलं असतं आणि गणित बिचारं मागाहून येतं. पुस्तकात एकाच वेळी न घडू शकणाऱ्या घटनांना मोठं भारदस्त नाव होतं, पण ते मुलांच्या जिभेवर रुळत नसे, म्हणून बाईंनी आपलं एक नाव पाडलं होतं: एकत्र न नांदणाऱ्या घटना. मुलं हसत, आणि हसलेलं लक्षात राहतं. बाईंनाही मुलांनी नाव पाडलं होतं, शक्यताबाई. उद्या परीक्षा आहे का विचारलं तरी त्या म्हणत, "शक्यता आहे."

आजही त्यांनी नेहमीचं उत्तर काढलं. "समज, मी फासा टाकला आणि हाताखाली झाकून ठेवला. तुला एवढंच सांगितलं, की सम पडलाय. आता विषम पडला असण्याची शक्यता किती?" मुलगी म्हणाली, "शून्य." "आणि मी सांगायच्या आधी किती होती?" "निम्मी." "मग? एकीचं नुसतं नाव निघालं आणि दुसरीची निम्मी शक्यता शून्यावर आली. आणि तू म्हणतेस, संबंध नाही? एक आली की दुसरीने तिथे पाऊल टाकायचं नाही, याहून मोठा संबंध जगात कोणता असतो?" शेवटचं वाक्य त्यांच्या टिपणांत नव्हतं. ते कुठून आलं ते त्यांना कळलं नाही, पण ते चढ्या आवाजात आलं. मुलीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, बाई रागावल्या. बाई फळ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, ती अशी की आज गुरुवार आहे. गुरुवार म्हणजे धाकटीचा वार.

आईकडे जायचे वार कुणी ठरवले ते आता आठवत नव्हतं. ठरवायला दोघी बहिणी समोरासमोर बसल्याच नव्हत्या. सोमवार, बुधवार, शनिवार थोरलीचे, म्हणजे बाईंचे. मंगळवार, गुरुवार, रविवार धाकटीचे. शुक्रवार कुणाचाच नाही. दिवसभर आईला सांभाळायला एक मावशी येत, त्या चारला जात, आणि पाचच्या सुमाराला ज्या मुलीचा वार असेल ती आपल्या किल्लीने दार उघडून आत येई. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं, आणि एकदाही दोघींची गाठ पडली नव्हती. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी त्या मुलीचंच उत्तर दिलं असतं, तितक्याच ठामपणे: तिचं ती, माझं मी, आमचा काही संबंध नाही. आणि तरीही आईच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की पहिली नजर धाकटीच्या खुणा शोधायची. गोळ्यांच्या डबीचे कप्पे धाकटी भरायची, तिचं औषधांचं दुकान होतं, आणि बाई दर खेपेला ते कप्पे उघडून बघायच्या. एकदाही चूक सापडली नाही याचं त्यांना वाईट वाटायचं. धाकटी कप धुऊन पालथा ठेवायची, बाई तो उताणा करायच्या. पण खरं भांडण खुर्चीचं होतं. धाकटी पलंगाच्या डावीकडे खुर्ची ओढून बसायची, बाई उजवीकडे. बाई आल्या की खुर्ची डावीकडे असायची, त्या ती फरफटत उजवीकडे न्यायच्या, आणि पुढच्या खेपेला ती पुन्हा डावीकडे. असा सगळा संसार मांडून दोघी एकमेकींशी संबंध नसल्याच्या आणाभाका घेत होत्या. संबंध नसलेली माणसं असं करत नाहीत. संबंध नसलेल्या माणसाच्या खुर्चीवर माणूस मुकाट्याने बसतो.

फळ्यावर बाईंनी बेरजेचा नियम लिहायला घेतला होता. हात आपोआप लिहीत होता. "आता बेरीज. पन्नास जणांतले वीस जण चहा पितात, पंधरा कॉफी. निदान एक काहीतरी पिणारे किती?" "पस्तीस," वर्ग एका सुरात म्हणाला. "दोन्ही पिणारा एकही नसेल, तर पस्तीस. एकत्र न नांदणाऱ्यांची बेरीज अशी सरळ असते. पण पाच जण दोन्ही पीत असतील तर?" थोडी कुजबुज झाली, मग कुणीतरी तीस म्हणालं. "बरोबर. ते पाच दोनदा मोजले गेले, म्हणून एकदा वजा करायचे. लक्षात ठेवा, जितकं सामाईक वाढेल तितकं एकूण घटतं." हे वाक्यही त्या दर साली म्हणत. मुलांनी ते लिहून घेतलं. बाईंच्या कानांवरून ते नेहमीसारखं निघून गेलं, कारण त्यांचा जीव अजून आधीच्या वाक्यात अडकला होता.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. पट्टीने तळहातावर हळूहळू मारत उभी राहिली. "बाई, मग स्वतंत्र म्हणजे नक्की काय?" बाई म्हणाल्या, "एकीचं काहीही होवो, दुसरीला त्याचं सोयरसुतक नाही, ते स्वतंत्र." "म्हणजे ती आली तरी ठीक, नाही आली तरी ठीक?" "हो." मुलीने विचार केला. "असं खरंच कुठे असतं का पण?" बाईंनी खडूची पेटी बंद केली. "दोन फाशांत असतं," त्या म्हणाल्या. मुलगी हसली, तिला तो विनोद वाटला.

शनिवारी डॉक्टर म्हणाले होते, आता दिवस मोजू नका, येईल तो आपला म्हणा. आईला डोळ्यांनी फक्त आकार दिसत, कान अर्धे गेले होते, मन मधेच घरभर भटकून यायचं. दोघी मुलींचे आवाज जन्मापासून सारखे. बाबासुद्धा फोनवर फसायचे, आणि मग आपली फजिती लपवायला म्हणायचे, जी कुणी असशील ती, आईला दे. आई मात्र कधी चुकत नसे. ती जिन्यातल्या पावलांवरून सांगायची कोण आलंय ते. आता पावलं तिला ऐकू येत नव्हती. आता मावशी सकाळी वार सांगत, आणि वारावरून आई मुलगी ओळखत असे. बाईंना हे ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना थोडं हसूही यायचं. पण आज बसथांब्यावर उभं असताना हसू येत नव्हतं. आई गेली की वार संपणार. मग दोघींमधली ती एक धड असलेली गोष्टही संपणार, खुर्ची डावीकडे ओढणारं कुणी राहणार नाही, आणि मग त्या दोघी खरोखरच स्वतंत्र होतील. त्या शब्दाची बाईंना पहिल्यांदाच भीती वाटली. आयुष्यभर मुलांना शिकवलेला शब्द. त्यांनी स्वतःच्या घराकडे जाणारी बस सोडली आणि आईच्या घराकडे जाणारी धरली. धाकटीच्या वाराला जायचं, ती यायच्या आधी जाऊन बसायचं, आणि ती दार उघडून आत आली की म्हणायचं, ये. त्याच्यापुढचं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. आईच्या देखत एकदा दोघी एका खोलीत, एवढंच.

बिनसलं होतं बाबा गेले तेव्हा. त्या दिवशी बाई उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर होत्या, फोन बाहेर जमा केलेला. बाबांना दवाखान्यात नेलं, धाकटी फोन करत राहिली, आणि इकडे बाई एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात गुण देत बसल्या होत्या. पोचल्या तेव्हा चादर वर ओढली होती. धाकटीने नुसती सरकून जागा करून दिली. मग काही आठवड्यांनी, आईच्या स्वयंपाकघरात, आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस, पण धाकटी म्हणाली, हिला उत्तरपत्रिका बापापेक्षा मोठ्या." बाईंनी मनाला लावून घेतलं. त्यांनी धाकटीला जाब विचारला नाही, कारण बोलणं खोटं असतं तर विचारता आलं असतं. खरं बोलणाऱ्याला काय विचारणार? धाकटीनेही फोन करणं बंद केलं. बाईंनी मनात टिपून ठेवलं: बघा, अपराधी मन. धाकटीच्या पानातही कुणी काहीतरी वाढलं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर ज्यांनी पोरांना बजावलं की एकाच साक्षीवर निष्कर्ष काढू नका, त्यांनी एकाच साक्षीवर सख्खी बहीण निकालात काढली. दुसऱ्यांची पोरं शिकवण्यात हे एक बरं असतं, स्वतःला कुणी गुण देत नाही.

दार उघडून बाई आत गेल्या. चपला त्यांनी नेहमीसारख्याच भिरकावल्या, एक दाराच्या या अंगाला, एक त्या. लहानपणी यावरून बोलणी खायच्या त्या, आणि धाकटी मागून येऊन गुपचूप दोन्ही जोडून ठेवायची. मावशी गेल्या होत्या. घरात औषधांचा आणि गरम इस्त्रीचा वास होता. खुर्ची उजवीकडे, काल त्यांनीच ठेवली होती तिथे. त्या तिच्यावर बसल्या तशी आईने मान वळवली, डावीकडे, आणि म्हणाली, "आलीस? आज लवकर? दुकानावर कुणी आहे ना?" बाईंनी सांगायला तोंड उघडलं, आई, मी थोरली. पण आईचा आवाज ऐकून त्या थांबल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांच्याशी बोलताना आई नीट बोलायची, पाहुण्याशी बोलावं तसं, तुझं कॉलेज कसं आहे, जेवणाची आबाळ करू नकोस. हा आवाज सैल होता, अंगावरचं पांघरूण सरकल्यासारखा. इतकी वर्षं हा आवाज मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी या खोलीत होता तर. बाईंना मत्सर वाटला, सरळसरळ मत्सर, आणि त्या मत्सरापायीच त्या म्हणाल्या, "आहे कुणीतरी."

"उजवीकडे काय बसलीस तिच्यासारखी? इकडे ये." बाईंनी खुर्ची उचलली, फरफटवली नाही, आणि डावीकडे नेऊन ठेवली. आईने चाचपून त्यांचा हात हातात घेतला. काल घेतला नव्हता. "थोरली येऊन गेली काल," आई म्हणाली. "काय म्हणाली?" "ती काय म्हणणार! तिचं आपलं तेच. धाकटी येते ती आईसाठी नाही, म्हणाली, या दोन खोल्यांसाठी येते." काल बाई पायमोज्यांबद्दल बोलल्या होत्या. आईचे पायमोजे सैल झालेत, नवे आणायला हवेत, आणि पाणी कोमटच प्यायचं, एवढंच. "काल म्हणाली असं?" "काल म्हण, मागे म्हण. ते मनातलं असतं गं, वार बघून येत नाही." आईने डोळे मिटले. ती हे पहिल्यांदा सांगत नव्हती. शब्द झिजून गुळगुळीत झाले होते, पायरीचा दगड होतो तसे. बाईंना कळलं, धाकटीने फोन करणं का बंद केलं ते. आणि त्या पाठोपाठ, सावकाश, एखादं गणित उलट्या बाजूने सुटत यावं तसं, दुसरंही कळायला लागलं, पण त्यांना ते कळायला नको होतं.

"आई," त्या म्हणाल्या, "थोरली खरंच असं म्हणाली का गं?" आईची बोटं चादरीची कड दुमडत राहिली. "तू काय तिला विचारायला जाणार आहेस?" "समज, विचारलं?" "नको." आईने त्यांचं मनगट इतक्या जोराने धरलं की एवढी ताकद हिच्यात आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नसावं. "नको विचारूस. तुमचं दोघींचं गूळपीठ जमलं की मग मला कोण विचारतंय?" "असं काय बोलतेस?" "बघितलंय मी. बाबा होते तेव्हा सुट्टीला दोघी एकदम यायचात. आतल्या खोलीत दार लावून खिदळत बसायचात. मी चहा घेऊन आले की गप्प. मी बाहेर गेले की पुन्हा सुरू. आणि जायचात तेही एकदम, एका रिक्षात. चार दिवस माझ्या पोरी घरात, आणि माझ्या वाट्याला काय तर उष्टे कप. तुम्ही गेलात की घर खायला उठायचं." ती दम घ्यायला थांबली. "आत्ता कसं छान आहे. आज तू, परवा ती. ती आली की मी तिची, तू आलीस की मी तुझी. एक शुक्रवार तेवढा कोरडा जातो बघ."

जितकं सामाईक वाढेल तितकं एकूण घटतं. फळ्यापाशी हे बाईंनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, सकाळी, आणि त्याआधी कितीतरी सकाळी. चहा आणि कॉफी. आईला चिडून काही बोलावं असं त्यांच्या घशाशी आलं, पण तिची बेरीज चूक आहे असं काही त्यांना म्हणता येईना. दोघी बोलत्या असत्या तर काय झालं असतं? एकीने फोन केला असता, अगं मी जाते आज, तू राहू दे. दुसरी म्हणाली असती, बरं झालं, तपासणीचं काम पडलंय. रविवारी दोघी एकदम आल्या असत्या, खिडकीपाशी उभं राहून एकमेकींच्या पाठदुखीबद्दल बोलल्या असत्या, आणि पलंगावरून आई विचारत राहिली असती, काय म्हणालीस? काय? मग दोघी एका रिक्षाने गेल्या असत्या. बाईंना आईचा राग आला, आणि तिच्या शहाणपणाचा त्याहून जास्त राग आला. हिने आपल्या दोन पोरी तोडल्या आणि त्यांच्या तुकड्यांवर आठवडा भागवला. आणि पोरींनी काय केलं? तुटून दाखवलं. एक वाक्य पुरलं त्यांना. भांडणाऱ्या बहिणी निदान भांडतात तरी.

तेवढ्यात दारात किल्ली वाजली. ती आईला ऐकू आली नसती, पण दार उघडलं तसा जिन्यातला उजेड आत आला, आणि तो तिला दिसला. आईचं अंग ताठ झालं. "कोण आलं? मावशी?" आणि मग तिचं तिनेच गणित केलं. या घराच्या किल्ल्या असलेल्या मुली दोनच. एक इथे हाताशी बसलेली आहे, तर दारात उरलेली. "थोरली!" ती कुजबुजली, "आज कशी आली ही? जा, आत जा. ऊठ लवकर!" ती बाईंना दोन्ही हातांनी ढकलत होती, त्या सुकलेल्या हातांनी, आणि तिच्या तोंडावर भीती होती, चोरी उघडी पडणाऱ्या लहान मुलाची भीती. ये, म्हणायचं होतं बाईंना. तेवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. पण आई घाबरून म्हणाली, जा, आणि बाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. पन्नाशी उलटलेली बाई, जिच्यापुढे ऐंशी पोरं गप्प बसतात, ती दाराआड उभी राहिली. समोर तीच जुनी खाट होती जिच्यावर बसून दोघी खिदळायच्या. तिच्यावर आता जास्तीच्या गाद्या आणि औषधांची रिकामी खोकी रचलेली होती.

बाहेर पावलं थांबली होती, दारापाशीच, नको इतका वेळ. मग धाकटीचा आवाज आला, म्हणजे बाईंचाच आवाज, बाहेरून. "आई, जागी आहेस?" "ये थोरले. आज कशी वाट चुकलीस? आज तुझा वार नाही." "आई, अगं मी—" "आज तिचा वार. येऊन गेली ती मघाच." "कोण येऊन गेली?" "धाकटी. आणखी कोण?" धाकटी सावकाश म्हणाली, "आणि या चपला कुणाच्या आहेत?" "तिच्याच." "चपला इथे टाकून गेली?" "मला मेलीला काय दिसतंय?" आई चिडली. घाबरली की ती चिडायची. "तू जास्त वेळ थांबू नकोस. ती मधेच परत यायची, आणि तिला तुझं तोंड बघायचं नाहीये. तिच्या मनातून ते अजून गेलं नाही. हिला उत्तरपत्रिका बापापेक्षा मोठ्या, अजून म्हणते."

धाकटी बोलली तेव्हा तिचा आवाज खरवडल्यासारखा आला. "असं म्हणाली ती?" "मग मी काय खोटं सांगते?" "मी असं कधी..." ती थांबली. मग ती जरा मोठ्याने म्हणाली, आईला लागतं त्याहून मोठ्याने, "ती असं म्हणाली नसेल, आई. धाकटी असं कधीच म्हणाली नसेल." ते आईसाठी नव्हतं. ते भिंतीच्या या बाजूसाठी होतं. भिरकावलेल्या चपला तिने ओळखल्या होत्या. बाईंचा हात कडीवर गेला. लोखंड गार होतं.

तो हात तिथेच राहिला. दार ओढायला जोर लागत नव्हता, नुसतं बोट लागलं असतं. पण दार उघडलं की पलंगावर झोपलेली ती म्हातारी आपल्या दोन्ही पोरींच्या मधे एकदम खोटी पडणार, आणि त्यानंतर ती किती वार जगेल? हे खरं होतं. पण खरं कारण हे नव्हतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी राग जपला होता. त्याच्या आधारावर त्या कॉलेजात गेल्या, घरी आल्या, एकट्या जेवल्या, आपल्यावर अन्याय झालाय या उबेत झोपल्या. आता दार उघडून म्हणायचं, की ते सगळं एका न उच्चारलेल्या वाक्यावर उभं होतं? मग ही सगळी वर्षं कुणाच्या नावावर घालायची? माणूस अपमान सोसतो, पण आपला अपमान झालाच नव्हता, हे त्याला सोसत नाही. तिने उघडावं, बाईंना वाटलं. ती धाकटी आहे, तिने यावं. आणि बाहेर धाकटी उभी होती, तिला वाटत असणार, ती थोरली आहे, तिने यावं. दोघींपैकी निदान एकीने दार उघडण्याची शक्यता. असं गणित आलं की बाई मुलांना सांगत, उलटं धरा, कुणीच न उघडण्याची शक्यता आधी काढा, ती सोपी पडते. खरंच सोपी होती ती.

"बरं, आई," धाकटी अखेर म्हणाली. "मी निघते. आज तिचा वार आहे." पावलं दारापर्यंत गेली. तिथे काहीतरी हलक्याने फरशीवर घासलं. मग दार लागलं, आणि जिन्यात पावलं उतरत गेली. बाईंना ती ओळखता आली. पहिल्या वळणावर ती थांबली, मग पुन्हा उतरू लागली.

"ये गं बाहेर," आईने हाक मारली, "गेली ती." बाई बाहेर आल्या. दारापाशी त्यांच्या दोन्ही चपला जोडून ठेवल्या होत्या, टाच टाचेला लागून, बोटं जिन्याकडे. इतक्या नीट की त्या दुसऱ्या कुणाच्या वाटाव्यात. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग पलंगाशी आल्या आणि डावीकडच्या खुर्चीवर बसल्या. आईने त्यांचा हात पुन्हा चाचपून घेतला. तिच्या तोंडावरची भीती गेली होती, आणि तिथे एक सुख पसरलं होतं, पोट भरल्यावर दिसतं तसलं. "बघ," ती म्हणाली, "आज दोघीही आलात की. एका दिवसात दोघी." ती त्यांच्या हातावर थोपटत राहिली. "आता उद्याचा शुक्रवार कसाही निघेल."

"हो, आई," बाई धाकटीच्या आवाजात म्हणाल्या. त्यासाठी त्यांना वेगळा आवाज काढावा लागला नाही.